दोन जालनेकर आणि झुबिन मेहतांच्या तबकड्या

झुबिन मेहतांच्या ध्वनिमुद्रिकांबद्दल रसिकांचं एकमत आजवर झालेलं नाही आणि होण्याची लक्षणंही दिसत नाहीत. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी मुलगा अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला, हान्स स्वारोव्स्कींकडे वाद्यवृंद चालवायला शिकला आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, तेल अवीव, फ्लोरेन्स, म्युनिक इथल्या वाद्यवृंदांचा आणि ऑपेरागृहांचा प्रमुख झाला. ब्रुकनर, मालर, रिचर्ड श्ट्राउस, चायकोव्स्की अशा रोमँटिक संगीतकारांच्या रचनांच्या त्यांच्या तबकड्यांचा ढीग आहे आणि त्या ढिगाभोवती तीन तट पडले आहेत. पहिल्याला त्यातल्या डझनभर तबकड्या अजोड वाटतात. दुसरा म्हणतो, लखलखाट भरपूर, पण चिंतन कमी. तिसरा तट समेटाची भाषा बोलतो : १९७८ पर्यंतचे मेहता थोर, न्यूयॉर्कला गेल्यानंतरचे सामान्य. माझ्या मते या तिघांत सर्वांत फसवा तिसराच आहे, कारण तो समंजस दिसतो आणि म्हणून त्याला कुणी पुरावा मागत नाही.

हा वाद जालन्यात बसून घालण्यात काही विसंगती नाही. शंभर वादकांची सिम्फनी प्रत्यक्ष ऐकायची तर इथल्या माणसाला मुंबईच्या एनसीपीएपर्यंत जावं लागतं, वंदे भारतनेही जवळपास सात तास. म्हणजे जालन्याच्या श्रोत्यापुरते मेहता म्हणजे त्यांच्या तबकड्याच. पण ही अवस्था जालन्याचीच नाही. व्हिएन्ना किंवा न्यूयॉर्कच्या सभागृहात नियमाने बसणारे लोक मूठभर. जगातले बाकी सगळे श्रोते ध्वनिमुद्रणावरूनच मत बनवतात. शिवाय इथला कान कोरा नाही. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाने या जिल्ह्याला ख्याल ऐकायची सवय लावली, आणि रोमँटिक वाद्यवृंदाचा नाद तर हिंदी चित्रपटगीतांनी घरोघर आणून सोडला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत आले. झुबिन यांचे वडील मेली मेहता यांनी १९३५ साली उभ्या केलेल्या बॉम्बे सिम्फनीत हे वादक वाजवत आणि पोटासाठी चित्रपटांच्या स्टुडिओतही. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांसाठी बांधलेले व्हायोलिनचे समूह ज्याने रेडिओवर ऐकले आहेत, त्याला चायकोव्स्की परका वाटायचं कारण नाही.

तर समजा, जालन्यातले एक मामा आहेत आणि त्यांची एक भाची. मामांचं आयुष्य बियाण्यांच्या कंपनीच्या चाचणी-प्लॉटांवर गेलं आणि रात्री ख्याल ऐकण्यात. भाची मोबाइलवर सिम्फनी ऐकत वाढली. दोघंही कल्पित आहेत, मतं मात्र खऱ्या श्रोत्यांची आहेत. माझं पारडं भाचीकडे झुकलेलं आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

मामा : तू पाठवलेली श्ट्राउसची 'झरथुष्ट्र' ऐकली. लॉस एंजेलिसची, १९६८ ची. पारशी माणसाने 'झरथुष्ट्र' वाजवावं, तेही नीत्शेच्या पुस्तकावरून एका जर्मनाने रचलेलं, यात गंमत आहे. सुरुवातीला ऑर्गनचा खर्ज, त्यावर तुताऱ्या, मग नगाऱ्यासारखी ती टिंपनी. छाती दडपून जाते, खोटं कशाला बोलू? पण पुढचा अर्धा तास माझ्या हाती फार काही लागलं नाही. आमच्याकडे एखादा दणक्यात समेवर आला आणि टाळ्या घेऊन गेला, म्हणून त्याला राग कळला असं आम्ही म्हणत नाही. आणि या माणसाची बाकीची लक्षणं पाहा. १९७७ साली हॉलिवुड बोलच्या उघड्या मैदानात 'स्टार वॉर्स'चं संगीत, वर त्याची तबकडीही. १९९० साली रोमला काराकालाच्या पडक्या स्नानगृहात तीन टेनर गायक, समोर फुटबॉलच्या विश्वचषकाला आलेली गर्दी आणि संचालक हेच. गर्दीची इतकी ओढ असलेल्या माणसाने ब्रुकनरच्या एकांतात शिरावं आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा, हे मला जड जातं.

भाची : मामा, वसंतराव देशपांडे 'कट्यार'मध्ये खाँसाहेब होऊन रंगमंचावर उभे राहिले, म्हणून त्यांचा मारवा उथळ ठरतो का? तीन टेनरांची संध्याकाळ ही तीन टेनरांबद्दलची साक्ष आहे. तिच्यावरून पंचवीस वर्षं आधीच्या ब्रुकनरचा निकाल लावता येत नाही. 'झरथुष्ट्र'चं म्हणाल तर त्या सुरुवातीचं वेड आधी एका चित्रपटाने लावलं. १९६८ साली 'टू थाउजंड वन : अ स्पेस ओडिसी' आला. त्यात वाजणारं मुद्रण संचालक कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं, डेक्का कंपनीचं. त्याच वर्षी त्याच कंपनीने मेहतांची तबकडी मुद्रित केली आणि ज्यांना घरातले स्पीकर दणाणून टाकायचे होते त्या सगळ्यांनी ती उचलली. तुमची छाती दडपली त्यात श्ट्राउसचा वाटा मोठा, मुद्रण जिथे झालं त्या रॉइस हॉलचा मोठा आणि मायक्रोफोन कुठे लावायचे हे जाणणाऱ्या डेक्काच्या तंत्रज्ञांचाही मोठा. त्यात मेहतांचा वाटा किती, हे त्या एका तबकडीवरून मलाही सांगता येणार नाही.

मामा : मग तू माझंच काम केलंस, बाई. श्रेय सभागृहाचं, यंत्राचं, वादकांचं. समोर काठी हलवणारा माणूस निमित्तमात्र.

भाची : एका तबकडीवरून सांगता येणार नाही, असं म्हटलं मी. तुम्ही वाण कसा पारखता? एकच वाण वेगवेगळ्या रानात लावता आणि वेगवेगळे वाण एकाच रानात. एकाच प्लॉटवर एकाच वाणाचं पीक पाहून तुम्ही कधी शेरा मारला नाही. इथेही तेच करायचं. आधी रान तेच ठेवू आणि माणूस बदलू. व्हिएन्नाचं सोफिएनसाल हे मूळचं स्नानगृह, पोहण्याचा तलाव. त्यावर फळ्या टाकून नाचघर केलं. खालच्या त्या पोकळीमुळे तिथला नाद भरदार झाला, असं म्हणतात. डेक्काने तिथे वर्षानुवर्षं मुद्रणं केली. १९६५ आणि १९६६ मध्ये गेऑर्ग शोल्टींनी त्याच सभागृहात, व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून ब्रुकनरची सातवी आणि आठवी सिम्फनी मुद्रित केली. १९६५ मध्येच मेहतांनी त्याच वादकांना घेऊन, त्याच सभागृहात, त्याच कंपनीसाठी नववी केली. वय २९. आता या तबकड्या एकापाठोपाठ ऐका. शोल्टींच्या हाताखाली पितळी वाद्यं धारदार होतात, ताण सतत वरच्या अंगाला. मेहतांकडे तीच वाद्यं रुंद होतात, त्यांचा आवाज खालून, डबल बासपासून चढत येतो, आणि वाक्याच्या टोकाशी श्वास मिळतो. रान एक, पाणी एक आणि पीक वेगळं. मग माणूस निमित्तमात्र कसा?

भाचीच्या बाजूने इथे मी एक भर घालतो, कारण ख्याल ऐकणाऱ्याच्या मनात नेहमी एक शंका असते : स्वर सगळे आधीच लिहिलेले, तर वेगळेपण येणार कुठून? नवव्या सिम्फनीच्या पहिल्या भागावर ब्रुकनरने गंभीरपणे, गूढपणे अशा अर्थाच्या सूचना लिहिल्या आहेत. तिसऱ्यावर संथ आणि गंभीर. किती संथ, ते ठरवायचं संचालकाने. कोणत्या क्षणी चेलो वर येऊ द्यायचे आणि कोणत्या क्षणी हॉर्नखाली झाकायचे, शंभर माणसांनी एका स्वराला किती वजन द्यायचं, एका उंचीनंतरची शांतता किती लांबवायची, हे सगळं कागदाबाहेरचं आहे. त्या तिसऱ्या भागात शेवटाकडे एक भयंकर जागा येते. स्वरावर स्वर रचत वाद्यवृंद एका कर्कश, न सुटणाऱ्या स्वरसमूहापर्यंत चढतो आणि तिथेच थांबतो. चौथा भाग पूर्ण न करताच ब्रुकनर १८९६ मध्ये वारला, म्हणून आपल्यापुरतं या सिम्फनीचं शिखर तेच. पुष्कळ संचालक ती किंकाळी ठसठशीत करतात आणि नंतरची शांतता उरकतात. मेहतांच्या १९६५ च्या मुद्रणात शांततेलाही किंकाळीइतकंच वजन आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाकडून या धीराची अपेक्षा नसते. लखलखाटाचा आरोप करणाऱ्यांनी या एका जागेचं उत्तर द्यायला हवं. माझ्या वाचनात ते आलेलं नाही.

मामा : ठीक, ती नववी मला मान्य. पण ब्रुकनरने हयातीची शेवटची अठ्ठावीस वर्षं व्हिएन्नात काढली. त्या वादकांच्या गुरूंच्या गुरूंनी तो पाहिला असेल. अशा ताफ्यापुढे उभं राहायचं आणि मध्ये यायचं नाही, एवढंच केलं असेल या पोराने. आमच्याकडेही असे तबलजी असतात, ठेका धरून गप्प बसतात आणि गवई मोठा असला की मैफल रंगते. तबलजी चांगला, याबद्दल वाद नाही. पण मैफल त्याची नव्हे.

मामांचा हा आक्षेप मला या वादातला सर्वांत कसदार वाटतो, आणि तो पूर्ण खोडून काढता येत नाही. भाचीने तो खोडण्याऐवजी कामाला लावला, हे तिचं शहाणपण.

भाची : मध्ये न येणं ही सोपी गोष्ट नाही, मामा, आणि शोल्टींना ती जमत नव्हती. किंवा नको होती म्हणा. पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, आणि मला वाटतं, मेहतांची सगळी ताकद आणि सगळी उणीव त्याच एका गोष्टीत आहे. ते वादकांवर विश्वास टाकतात. व्हिएन्नात शिकताना ते डबल बास वाजवत, म्हणजे वाद्यवृंदाच्या तळाशी बसून वर पाहत. कारायानसारख्यांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहविद्यार्थी क्लाउदिओ अब्बादो तिथल्या संगीतमित्र-मंडळाच्या समूहगायनात जाऊन उभे राहायचे. वाद्यवृंद आतून कसा श्वास घेतो, हे त्यांनी असं शिकून घेतलं. म्हणून ज्या वादकांकडे त्या संगीताचा स्वतःचा संस्कार आहे, त्यांच्याबरोबर मेहता अद्भुत होतात. फ्रान्ट्स श्मिटची चौथी सिम्फनी घ्या. श्मिट मालरच्या काळात व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये चेलो वाजवायचा. पुढे मुलगी गेल्यावर त्याने ही सिम्फनी लिहिली. एकटी ट्रम्पेट सुरू करते आणि एकटीच संपवते, मध्ये चेलोचा विलाप. १९७१ मध्ये मेहतांनी ती त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतली, आणि आजही ही सिम्फनी ज्यांना प्रिय आहे त्यांतले बहुतेक जण आधी याच तबकडीचं नाव घेतात. नाहीतर १९७५ ची मालरची दुसरी ऐका, इलेआना कोत्रुबाश आणि क्रिस्टा लुडविग या गायिकांची. शेवटच्या भागात समूह पहिल्यांदा गातो तो जवळजवळ न ऐकू येण्याइतका हळू. दिखाऊ संचालकाला तिथे हात आवरत नाही. मेहतांना आवरला.

मामा : आणि जिथे वादकांना तो संस्कार नाही, तिथे?

भाची : तिथे ते फारसं ओढून काढत नाहीत. संगीत नीट, सुडौल वाहत राहतं आणि संपतं. आता दुसरी चाचणी घ्या. माणूस तोच, कंपनी तीच, दशक तेच, फक्त वाद्यवृंद बदला. सत्तरीच्या दशकात डेक्कासाठीच मेहतांनी मालरची पाचवी लॉस एंजेलिसमध्ये केली, पहिली इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर आणि दुसरी व्हिएन्नात. दुसरीबद्दल श्रोत्यांत जवळजवळ एकमत आहे. इतर दोन्हींबद्दल 'चांगली आहे' याच्या पलीकडे फारसं कुणी जात नाही. १९७५-७६ मध्ये मेहता काही विमानाने व्हिएन्नाला गेले की थोर आणि कॅलिफोर्नियात उतरले की सामान्य होत नव्हते. एकाच विश्वासाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. म्हणून मला वाटतं, त्यांना उथळ म्हणणारे आणि थोर म्हणणारे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ते वेगवेगळ्या तबकड्यांची साक्ष देतात आणि समजतात की माणसाची देत आहेत.

याच सूत्राने तिसऱ्या तटाकडे पाहायला हवं. न्यूयॉर्कला गेले आणि घसरले, हा निकाल इतका रूढ आहे की तो ऐकणाऱ्याच्या कानाआधी पोहोचतो. मेहता १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शक होते, विसाव्या शतकातल्या त्यांच्या आधीच्या कुणाहीपेक्षा जास्त. त्या शहरातल्या समीक्षकांनी त्यांना या काळात फारसं सुखाने जगू दिलं नाही. पण घसरणीचा पुरावा म्हणून ज्या तबकड्या पुढे केल्या जातात, त्यांत बदललेल्या गोष्टी मोजा. वाद्यवृंद बदलला. कंपनी बदलली, डेक्काच्या जागी बहुतांश सीबीएस आली. डिजिटल मुद्रणाचा आरंभकाळ, ज्यातल्या पुष्कळ तबकड्यांचा आवाज पातळ आणि टोचरा आहे. आणि सभागृह बदललं. लिंकन सेंटरमधलं ते सभागृह १९६२ मध्ये उघडलं तेव्हापासून त्याच्या नादाबद्दल ओरड होती. १९७६ मध्ये आतून उकलून ते नव्याने बांधलं, तरी समाधान झालं नाही आणि अखेर पुन्हा आमूलाग्र बदलून २०२२ मध्ये नव्या रूपात उघडलं. ज्या संचालकाचा आवाज खर्जावर उभा आहे, त्याला कोरड्या सभागृहात बसवलं की त्याचा पायाच काढून घेतल्यासारखं होतं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर पाचवीवर, म्हणजे माणसावर, सगळा दोष टाकणं हा पुरावा नव्हे. मामांच्या प्लॉटवर असा अहवाल कुणी आणला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता.

मामा : लेखकमहाशय भाचीला फार सामील आहेत. मला सांगा, संचालकाचं काम काय? मिळालेल्या रानात मिळेल तेवढं घेणं, की रान तयार करणं? क्लीव्हलंडला जॉर्ज सेल १९४६ साली गेला आणि १९७० साली मरेपर्यंत त्याने त्या वाद्यवृंदाला घासून घासून असं केलं की युरोपातले लोक कान टवकारायला लागले. त्याने व्हिएन्नाच्या संस्काराची वाट पाहिली नाही. वादक आणतील ते घेणारा माणूस चांगला यजमान असेल, गुरू नव्हे.

भाची : सेलच्या वाटेने मेहता गेले नाहीत, हे खरं. पण लॉस एंजेलिसचं तुम्ही विसरता. १९६२ मध्ये ते तिथे आले तेव्हा तो अमेरिकेतल्या पहिल्या फळीचा वाद्यवृंद धरला जात नव्हता. तिथल्या तंतुवाद्यांतून त्यांना व्हिएन्नासारखा गडद आवाज हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी सोळा वर्षं दिली. १९६७ पासून डेक्का तिथे मुद्रणं करायला लागली. लंडनची कंपनी कॅलिफोर्नियाच्या वाद्यवृंदाकडे उगाच जात नाही. स्क्रियाबिनचं 'परमानंदाचं काव्य', श्ट्राउसचं 'वीरचरित', होल्स्टचे 'ग्रह', सां-सांची ऑर्गन सिम्फनी, ही सगळी त्या सोळा वर्षांतली कमाई. रान तयार केलं नाही, असं कसं म्हणता? फक्त त्यांची पद्धत सेलसारखी घासण्याची नव्हती. शिवाय ज्या संगीतात आवाजाच्या घडणीतूनच रूप उभं राहतं, त्याच संगीतात ती पद्धत पुरी पडते. स्क्रियाबिन, श्ट्राउस, ब्रुकनर, श्मिट. ही यादी तुम्हीच पाहा, हे सगळे एकाच जातीचे आहेत.

या यादीत एक गोष्ट न बोलता कबूल झाली आहे आणि मामांच्या ती लक्षात येईलच. त्याआधी बाहेरून येणाऱ्या दोन आक्षेपांचा निकाल लावतो, कारण ते या वादात नेहमी घुसतात आणि दोन्ही निरर्थक आहेत. पहिला : आपण मेहतांना मानतो ते मुंबईचे म्हणून. पद्मविभूषण, एनसीपीएमधल्या मैफली, १९९४ साली इस्रायल फिलहार्मोनिकला घेऊन भारतात येणं, या सगळ्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९० ते २०१५ या काळात त्यांना नववर्षाच्या मैफलीला पाच वेळा बोलावलं ते काही मराठी अभिमानापोटी नव्हे. दुसरा त्याच्या उलट : भारतात जन्मलेल्याला ब्रुकनर कसा कळणार? शिकणारा कुठे जन्मला यापेक्षा कुणाच्या तालमीत बसला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अल्लादिया खाँ आणि अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले, आणि त्यांचं गाणं महाराष्ट्रातल्या घराघरांतून पुढे गेलं.

अल्लादिया खाँचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट ओघाने येते. त्यांनी आपला आवाज तबकडीवर येऊ दिला नाही. तरी ते १९४६ मध्ये गेल्यानंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या थोरवीबद्दल आपल्याकडे शंका घेत नाहीत. उलट अब्दुल करीम खाँना आपण ओळखतो ते बव्हंशी तीन-तीन मिनिटांच्या मुद्रणांतून. आपल्या परंपरेत तबकडी हा गायकाचा एक अंश आहे, कधी तर तोही नाही, हे मुरलेल्या श्रोत्याला ठाऊक असतं. मग तोच श्रोता परदेशी संचालकाबाबत तबकडीलाच माणूस का समजतो? कारण त्याच्याकडे दुसरं काही नाही, हे एक. आणि सिम्फनीची तबकडी पूर्ण वाटते, तिला सुरुवात-शेवट असतो, मैफलीतला कापून काढलेला तुकडा ती वाटत नाही, हे दुसरं. पण तीही तुकडे जोडूनच बनते. सोफिएनसालमध्ये प्रेक्षक नव्हते, पुनःपुन्हा वाजवून उत्तम भाग जोडले जात. ते जोडण्यात निर्मात्याचा कान असतो, कोणता भाग ठेवायचा हे ठरवण्यात संचालकाचाही. म्हणून तबकडी खोटी ठरत नाही. पण ती अनेकांची असते, आणि संचालकाचा वाटा शोधायचा तर अनेक तबकड्या शेजारी ठेवूनच शोधावा लागतो.

मामा : आता मी तुझ्या यादीकडे येतो. स्क्रियाबिन, श्ट्राउस, ब्रुकनर, श्मिट. ब्राम्स कुठे आहे? रोमँटिक काळाचा कणा तो, असं तूच म्हणाली होतीस. न्यूयॉर्कबरोबर त्यांनी त्याच्या चारही सिम्फनी केल्या ना?

भाची : केल्या.

मामा : मग तिथे सभागृहाचं कारण सांगू नको. ब्राम्सला भपका लागत नाही. मधल्या आवाजांत, व्हायोलाच्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळींत त्याचं निम्मं बोलणं असतं. ते ऐकू आलं नाही तर तो जाड्याभरड्या घोंगडीसारखा वाटतो. तुझा माणूस खर्जावर उभा राहतो आणि वरच्या स्वराला मोकळं सोडतो, मधल्याला कुणी विचारत नाही. रान कोणतंही असो, हा वाणाचाच दोष झाला.

भाची : तिथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, मामा. त्यांनी पुढे इस्रायलबरोबरही ब्राम्स केला. वाद्यवृंद निराळा, सभागृह निराळं, दहाएक वर्षांचं अंतर, आणि मधले आवाज तिथेही मला तितकेच मागे वाटतात. दोन रानांत एकच खोट निघाली, तर ती मी माणसाचीच धरीन. ब्राम्स ऐकायला मी मेहतांकडे जात नाही.

मामा : आणि ब्रुकनरची आठवी? तीही केलीय म्हणतेस, लॉस एंजेलिसमध्ये. शोल्टीच्या व्हिएन्नातल्या आठवीशेजारी ठेवली तर?

भाची : ती तुम्हीच ठेवून पाहा. वाद्यवृंद आणि सभागृह दोन्ही बदललेले आहेत, हे ध्यानात घेऊन.